कर्ता शोधा

"घर नीटनेटके ठेवण्याच्या रोजच्या सोप्या सवयी" या जातीचा मजकूर मी आता न बघता म्हणून दाखवू शकते. उठल्याबरोबर अंथरूण आवरावे. आंघोळ झाली की बाथरूममध्ये वायपर फिरवावा. स्वयंपाक झाल्या झाल्या ओटा पुसून घ्यावा. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या त्याच दिवशी कराव्यात. भांडी निथळली की जागेवर लावावीत. झोपण्यापूर्वी हॉलवरून एक हात फिरवावा. रोज फक्त पंधरा मिनिटे द्या आणि बघा, घर कसे आरशासारखे लख्ख!

यातल्या एकाही सवयीबद्दल माझी तक्रार नाही. सगळ्या चांगल्या आहेत, आमच्या घरात चालतात, आणि पुढे मी स्वतःच अजून सहा सांगणार आहे. माझी तक्रार व्याकरणाची आहे.

शाळेत आपल्याला प्रयोग शिकवले होते, आठवतंय? कर्तरी, कर्मणी, भावे. "ओटा पुसावा", "चादर घालावी", "भांडी लावावीत". इथे क्रियापद कर्माच्या मागून चालतं. ओटा पुल्लिंगी म्हणून पुसावा, चादर स्त्रीलिंगी म्हणून घालावी. आणि कर्ता? तो तृतीया विभक्तीत असतो, किंवा नसतोच. नसला तरी वाक्य अडत नाही. आपल्या भाषेतली ही मोठी सोय आहे, कोणी करायचं हे न सांगता काय करायचं ते सांगता येतं. परीक्षेत "खालील वाक्यांतील कर्ता ओळखा" असं विचारलं असतं तर आमच्या निम्म्या वर्गाची दांडी गुल झाली असती. पण घरी हीच वाक्यं वाचताना कोणाचीही चूक होत नाही. सुनेने, आईने, बायकोने. सगळ्यांना बरोब्बर कळतं. आणि गंमत बघा, आपल्याकडे "घरचा कर्ता पुरुष" असा खास शब्दप्रयोग आहे. एवढ्या सगळ्या वाक्यांत कर्त्याच्या जागेवर तो बिचारा एकदाही सापडत नाही :)

तर मुद्दा असा. घर आवरलेलं राहत नाही याचं कारण आपल्याला सवयींची यादी माहीत नाही हे नव्हे. यादीतल्या ओळींपुढे नावं नसतात, हे आहे. आणि बिननावाची प्रत्येक ओळ फिरून फिरून एकाच माणसाच्या खात्यात जमा होते.

आधी त्या पंधरा मिनिटांचं बघू. इंजिनिअर असल्यामुळे मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. आमचं घर म्हणजे कोथरूडमधला टू बीएचके, त्यात मी, नवरा, सासूबाई, सासरे आणि साडेतीन वर्षांची लेक. एका आठवड्यात मोबाईलचं स्टॉपवॉच लावून वरच्या यादीचा हिशोब काढला. अंथरुणं-पांघरुणं ४ मिनिटं. बाथरूम ३. ओटा आणि शेगडी, दोन्ही वेळचं मिळून १२. घड्या करून कपडे ज्याच्या त्याच्या कपाटात, १५. भांडी जागेवर, ८. रात्रीची आवराआवर, खेळणी धरून, १४. एकूण ५६ मिनिटं. यात स्वयंपाक नाही, भांडी घासणं नाही, केर-फरशी नाही. ही फक्त त्या "छोट्या छोट्या सवयीं"ची बेरीज.

म्हणजे पंधरा मिनिटं ही थाप आहे का? गंमत म्हणजे, नाही. ५६ भागिले ४ किती होतात बघा. आमच्या घरात चार मोठी माणसं आहेत, प्रत्येकाने केलं तर माणशी १४ मिनिटं. पंधरा मिनिटांचा दावा खरा आहे, पण चौघांनी हात लावला तर. एकीनेच करायचं असेल तर पंधराचे जवळजवळ साठ होतात, आणि ते साठ कुठून तरी काढावे लागतात. झोपेतून, व्यायामातून, किंवा दुपारी जरा पाठ टेकायच्या वेळातून.

हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची ही नोंद. सहा वर्षांवरच्या बायकांपैकी ८१ टक्क्यांहून जास्त जणी पाहणीच्या दिवशी घरचं बिनपगारी काम करत होत्या, पुरुषांत हे प्रमाण साधारण २६ टक्के. आणि जे करत होते त्यांचा सरासरी वेळ? बायका २९९ मिनिटं, पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे चारातले तीन पुरुष त्या दिवशी घरकामाच्या वाटेलाही गेले नाहीत, आणि जे गेले तेही बायकांच्या एक तृतीयांश वेळात बाहेर पडले. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बायका २८९, पुरुष ८८. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांनी स्वतःची नऊ वाचवून घेतली! मधल्या काळात लॉकडाऊन येऊन गेला, "आम्ही पण भांडी घासली" असे फोटो टाकून झाले, आणि आकडे होते तिथेच.

काम लवकर उरकण्याचे सल्ले काही आजचे नाहीत, हे मला वाचता वाचता कळलं. अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक नावाच्या बाईंनी १९१३ मध्ये घरकामाच्या नव्या पद्धतीवर पुस्तक काढलं. कारखान्यात टेलरसाहेब कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजायचे, तेच त्यांनी भांडी घासण्याला लावलं. ओट्याची उंची किती, पावलं किती, डाव्या हाताला काय, उजव्या हाताला काय. लिलियन गिलब्रेथ तर पक्क्या औद्योगिक इंजिनिअर. पायाने उघडणाऱ्या कचऱ्याच्या डब्याचं आणि फ्रिजच्या दारातल्या कप्प्यांचं श्रेय त्यांना दिलं जातं. मग १९९९ पासून "फ्लायलेडी"च्या ईमेल आल्या, सिंक चकचकीत ठेवा आणि पंधरा मिनिटांचा टायमर लावा म्हणून. मग जपानच्या मारी कोन्डोबाई. २०११ मध्ये पुस्तक, २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका, जगभर लोक कपाटं उपसून बसले. आणि २०२३ च्या जानेवारीत त्याच कोन्डोबाईंनी मोकळेपणाने सांगितलं की तिसरं मूल झाल्यावर घर आवरण्याचा तो हट्ट आपण बऱ्यापैकी सोडून दिला आहे. मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

यावर लोक हसले. मला हसू आलं नाही. शंभर वर्षं अतिशय हुशार बायका एकाच प्रश्नावर डोकं चालवतायत, एका बाईने कमी वेळात जास्त घर कसं आवरावं? प्रश्नातल्या "एका बाईने"ला हात लावायला फारसं कोणी तयार नाही. रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी १९८३ च्या पुस्तकात हेच दाखवलं होतं. चुलीच्या जागी लोखंडी शेगडी आली, लाकूड कमी लागायला लागलं, तर लाकूड फोडण्याचं पुरुषांचं काम हलकं झालं. दळण गिरणीत गेलं, तेव्हाही घरातल्या पुरुषांचे आणि पोरांचेच कष्ट वाचले. बाईचं काम मात्र तेवढंच राहिलं, कारण सोय वाढली तशी अपेक्षाही वाढली. आपल्याकडे बघा ना. वॉशिंग मशीन आलं आणि एकदाच घातलेला शर्टही बादलीत पडायला लागला. मशीन धुतं हो. वाळत घालतं कोण, काढतं कोण आणि घड्या करतं कोण?

आता माझ्या सासऱ्यांचं उदाहरण देते, त्यांची परवानगी घेऊन. बाबा भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. तिथे त्यांनी वर्षानुवर्षं फाइव्ह एस राबवलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, ही जपानी कारखान्यांतली पद्धत. सेइरी म्हणजे नको ते काढून टाकणं, सेइतोन म्हणजे प्रत्येक वस्तू तिच्या जागी, सेइसो म्हणजे साफसफाई, सेइकेत्सु म्हणजे हे सगळं ठरलेल्या पद्धतीने, आणि शित्सुके म्हणजे कोणी न सांगता रोज. बाबा यावर दोन तास बोलू शकतात. पाना टांगायच्या बोर्डावर पान्याच्या आकाराची रेघ कशी मारायची, म्हणजे रिकामी जागा लांबूनच कशी दिसते, हे ते अजूनही हात हलवून सांगतात.

मी त्यांना एकदा विचारलं, "बाबा, तुमच्याकडे प्रत्येक मशीनपाशी सफाई कोण करायचं?"

"ज्याचं मशीन तो. शिफ्ट संपायच्या आधी. तक्त्यावर सही करायची."

"आणि सगळ्या मशीनसाठी एकच माणूस ठेवला असता तर?"

"छे! दोन दिवसांत बोऱ्या वाजला असता. ज्याने घाण केली त्याला फिकीरच राहणार नाही."

हेच तर मी म्हणतेय! कारखान्यात हे चालतं ते जपानी शब्दांमुळे नाही. तक्त्यावर नाव असतं आणि नावापुढे सही असते म्हणून चालतं. घरी आणताना आपण रेघा, खोके, लेबलं, डबे सगळं आणतो. तो सहीचा तक्ता तेवढा कारखान्यातच विसरतो.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही. आमचं सगळ्यांचं ठरलं की आईंची कामं वाटून घेऊ. त्यासाठी आधी कामं कोणती ते लिहायला हवं. पहिल्या रात्री बाबा, नवरा आणि मी, तिघांनी मिळून फ्रिजवर कागद लावला. १९ कामं झाली. आईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "झालं?" आणि पडल्या पडल्या सांगायला लागल्या. विरजणापुरतं दूध बाजूला काढणं. फ्रिजमधल्या झाकलेल्या वाट्या रोज उघडून बघणं. पायपुसणी कधी धुतली ते लक्षात ठेवणं. सिलिंडर लावला त्या तारखेवर कॅलेंडरात खूण करणं. बाबांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं टाकणं आणि नवी कधी आणायची ते मोजणं. नातीला लहान होत चाललेले कपडे वेगळे काढणं. कामाच्या मावशी यायच्या आधी जमिनीवरच्या वस्तू उचलणं. चौथ्या दिवशी कागदावर ५४ कामं होती. बाबा कितीतरी वेळ तो कागद बघत उभे होते. आई एवढंच म्हणाल्या, "कळलं ना आता, मी दुपारची काय करते ते?"

त्या ५४ मधली निम्म्याहून जास्त कामं हातांची नव्हती, डोक्याची होती. बघणं, लक्षात ठेवणं, वेळेवर आठवणं. आमच्या धंद्यात याला मॉनिटरिंग म्हणतात आणि त्याचे चांगले पैसे मिळतात. आमच्या टीममध्ये ऑन-कॉल दर आठवड्याला फिरतं. रात्री सर्व्हर पडला तर ज्याचा आठवडा त्याचा फोन वाजतो, आणि सलग दोन आठवडे एकालाच लावले तर लोक मॅनेजरकडे जाऊन भांडतात. आई चौतीस वर्षं ऑन-कॉल आहेत. बदली माणूस नाही, डॉक्युमेंटेशन नाही, सगळी सिस्टीम एका डोक्यात. ऑफिसात असं एखादं सॉफ्टवेअर दिसलं तर आपण "सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर" म्हणून किंचाळतो. घरात दिसलं की त्याला "घराचा आधारस्तंभ" म्हणतो आणि मातृदिनाला केक आणतो.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ. जेवायच्या टेबलावर मी ते इतक्यांदा ऐकले आहेत की क्रमही ठरलेला आहे.

"आम्ही मदत करतो की!" मदत हा शब्दच मुळात तपासायला हवा. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. आपल्या नावावरचं टिकेट बंद केल्यावर "मी आज कंपनीला मदत केली" असं कोणी स्टँडअपमध्ये सांगतं का? शिवाय मदतीच्या आधी एक प्रश्न येतो, "सांग ना, काय करू?" काय करायचं ते बघणं, ठरवणं, सांगणं आणि झालं का ते पुन्हा बघणं, हे सगळं सांगणारीकडेच राहिलं. भाजी चिरून दिली, पण कोणती भाजी हे कोणी ठरवलं?

"आमच्याकडे मावशी येतात." आमच्याकडेही येतात, आणि त्या आल्या नाहीत की आमची काय अवस्था होते ते मला माहीत आहे. पण मावशी भांडी घासतात, केर-फरशी करतात. घर आवरणं हे वेगळं काम. मावशींना केर काढता यावा म्हणून जमिनीवरचे मोजे, चार्जर, ठोकळे आधी कोणी तरी उचलावे लागतात. मावशींच्या सुट्टीचं, पगाराचं, दिवाळीचं कोणी तरी बघावं लागतं. आणि आपल्याकडचं आटपून त्या घरी जातात तेव्हा तिथेही "ओटा पुसावा" हे वाक्य त्यांची वाट बघत असतं, कर्त्याशिवाय. बाईचं काम दुसऱ्या बाईकडे गेलं, एवढंच झालं.

"मला पसारा चालतो, तुलाच त्रास होतो." हा आक्षेप सगळ्यात सफाईदार. यात थोडं तथ्यही आहे, घर म्हणजे काही फर्निचरचं शोरूम नव्हे आणि खेळणी पसरलेली असली तर आकाश कोसळत नाही. पण अचानक पाहुणे आले आणि सोफ्यावर कपड्यांचा ढीग असला, तर पाहुण्यांची नजर कोणाकडे वळते? ज्याला पसारा चालतो त्याच्याकडे? ज्याची अब्रू पणाला लागत नाही त्याला काहीही चालतं. पसारा किती चालेल हे सगळ्यांनी मिळून ठरवा. खाली आणायची पातळी तर खुशाल आणा. पण मग काकूंनी "घर कोण बघतं गं तुमचं?" असं विचारल्यावर उत्तरही पातळी ठरवणाऱ्या सगळ्यांनी द्यायचं.

"बायकांनाच दुसऱ्याने केलेलं पटत नाही." हे मात्र मला मान्य आहे, पूर्ण मान्य. बाबांनी केलेल्या टॉवेलच्या घड्या आई सुरुवातीला उलगडून पुन्हा करायच्या. असं चार वेळा झालं की समोरचा हात आखडता घेणारच. ऑफिसात दुसऱ्याचा चालणारा कोड केवळ आपल्या पद्धतीचा नाही म्हणून कोणी रात्री बसून पुन्हा लिहीत नाही (लिहिणारे असतात, त्यांच्याबद्दल पुन्हा कधी तरी). म्हणून आमच्याकडे नियम केला, जो करेल त्याची पद्धत. टॉवेल चौकोनी असो की गुंडाळलेला, अंग पुसलं जातं ना?

आणि एक न बोललेला आक्षेप असतो, पुरुषाने केर काढणं बरं दिसत नाही. गाडगेबाबांचा (१८७६–१९५६) फोटो आपण शाळाशाळांत लावला. ते गावात गेले की आधी खराट्याने गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. २००० साली सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियानही सुरू केलं. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. म्हणजे गावात झाडू हातात घेतला तर संत, देव्हाऱ्यापुढे ठेवला तर लक्ष्मी, आणि घरात नवऱ्याने उचलला तर शेजारचे म्हणणार "बायकोच्या मुठीत आहे"!

मुलांचं तर विचारूच नका. "लहान आहे अजून" हे वाक्य आपल्याकडे मुलगा तेवीस वर्षांचा होईपर्यंत चालतं. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केलं तेव्हापासून त्या पद्धतीत झाडणं, पुसणं, घड्या घालणं, पाणी ओतणं हे तीन-चार वर्षांच्या मुलांचं रीतसर शिक्षण आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली तीही याच विचारातून. आमची लेक तिच्या शाळेत रुमालाची घडी करते, बूट जागेवर ठेवते, सांडलेलं पाणी फडक्याने पुसते. तिच्या वर्गातले मुलगेही करतात. त्यातले निम्मे घरी पोचले की विसरतात, कारण घरी त्यांच्याकडून ते कोणी मागतच नाही.

बरं, टीका पुष्कळ झाली. आमच्याकडे काय चालतं ते सांगते. यादी जुनीच आहे, फक्त प्रत्येक वाक्यात कर्ता घातला आहे.

१. जो शेवटी उठतो, तो अंथरूण आवरतो. आमच्या खोलीत हा बहुतेक वेळा नवरा असतो. अलार्मची शर्यत हा अनपेक्षित फायदा.

२. ज्याचा डबा, त्याने घरी आल्यावर खुर्चीत बसायच्या आधी बॅगेतून काढून, खरकटं ओल्या कचऱ्यात टाकून, पाण्याने विसळून सिंकमध्ये ठेवायचा. शुक्रवारचा डबा सोमवारी उघडला की काय होतं हे ज्यांनी हुंगलं आहे त्यांना मी जास्त सांगत नाही.

३. जो खोलीतून उठतो, तो रिकाम्या हाताने जात नाही. बाहेर जाताना कप, आत येताना चार्जर. वेगळा वेळ लागतच नाही, कारण आपण तसेही जाणारच असतो. सगळ्या सवयींत मला ही सर्वात आवडते, आणि लेकीला हा खेळ वाटतो.

४. रात्री साडेनऊला दहा मिनिटं सगळे उभे. दोन-तीन गाणी लावायची, ती संपेपर्यंत कोणी बसायचं नाही. आई खुर्चीत बसून घड्या करतात, तेवढा अपवाद. एक माणूस चाळीस मिनिटं राबतो ते चौघांत दहा मिनिटांत होतं. पॅरलल प्रोसेसिंगचं इतकं सोपं उदाहरण कॉलेजात कोणी दिलं नव्हतं. एक मात्र सांगते, एक जण जरी मोबाईल घेऊन सोफ्यावर राहिला, तर दोन दिवसांत सगळंच बंद पडतं.

५. हॉलमध्ये एक टोपली, नाव "बेवारस". दहा मिनिटांत ज्या वस्तूचा मालक सापडत नाही ती त्यात. रविवारी सकाळी टोपली मधोमध ठेवायची, आपापलं उचलायचं. उरलेलं द्यायचं किंवा टाकायचं. "माझं अमुक कुठंय?" हा प्रश्न घरातल्या बायकांना विचारायला बंदी. टोपलीला विचारा.

६. प्रत्येकाकडे एक अख्खं काम. तुकडा नको, अख्खं. कपडे नवऱ्याकडे. म्हणजे बादली भरली हे बघण्यापासून, साबण संपत आला हे लक्षात ठेवण्यापासून, वाळत घालून, काढून कपाटात जाईपर्यंत. सुका कचरा, रद्दी, चपलांचा स्टँड बाबांकडे. ओटा आणि फ्रिज माझ्याकडे. किराणा आणि विरजण आईंनी स्वतःहून मागून घेतलं. आठवण करायची नाही. कपडे धुतले नाहीत तर नवरा ओलसर शर्ट घालून मीटिंगला बसेल. बसू दे. एकदा बसला, पुन्हा वेळ आली नाही.

आमचं घर आता आरशासारखं लख्ख आहे का? मुळीच नाही. काल रात्री टोपलीत एकच मोजा, तीन पेनांची टोपणं आणि बाबांचा चष्मा होता. पण यंदा आई मैत्रिणींबरोबर आठ दिवस कोकणात जाऊन आल्या. आठ दिवसांत "ते कुठे ठेवलंय?" म्हणून त्यांना घरून एकही फोन गेला नाही. आल्यावर त्यांनी सवयीने फ्रिज उघडला, वाट्या बघितल्या आणि काही न बोलता बंद केला. मला तेवढं प्रमाणपत्र पुरे.

आता तुमच्यासाठी या वीकेंडचा गृहपाठ. घर आवरण्याच्या सवयींची कोणतीही यादी घ्या, तुमच्या आवडीची. कागदावर उतरवा. प्रत्येक वाक्यातलं "करावे" खोडा आणि तिथे कर्ता लिहा, खऱ्या नावासकट. घरातल्या सगळ्यांसमोर बसून लिहा, एकट्याने नको. निम्म्याहून जास्त ओळींत एकच नाव आलं, तर तो कागद सवयींचा नाही, कोणाच्या तरी बिनपगारी नोकरीचा आहे. मग त्या माणसाला आधी विचारा, ही नोकरी तुला हवी आहे का?

आणि उत्तर ऐकायला बसताना कप सिंकमध्ये ठेवून या. स्वतःचा.